पाच भिंगांचा कागदी फोन

कारखान्याच्या तिसऱ्या फाटकासमोरच्या नाक्यावर सिग्नल लागला, लुयेनची स्कूटर थांबली, आणि डाव्या हाताच्या दुकानाकडे तिची नजर सहज गेली. सातवा महिना लागला होता, पितरांचा महिना, त्यामुळे दुकानदारणीनं फुटपाथ अर्धा अडवून पितरांच्या नावानं जाळायचं सामान टांगलं होतं: कागदाचे सदरे, कागदाच्या चपला, कागदी सोन्याच्या विटा, कागदाचा फ्रिज, दार उघडलं की आत कागदाची कोंबडी. या सगळ्याच्या मधे दोरीला चिमट्यानं लावलेला एक फोन वाऱ्यावर गिरक्या घेत होता. समोरची बाजू आली, पाठ आली, पुन्हा समोरची बाजू आली. पाठीवर चार भिंगं होती चौकोनात आणि पाचवं मधोमध, प्लमच्या फुलासारखं. सिग्नल सुटला तरी ती तिथंच. मागून हॉर्नचा एकच गदारोळ झाला आणि कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, झोप झाली असेल तर निघा!" तिनं स्कूटर कशीबशी कडेला घेतली.

कारण हा फोन अजून जगात नव्हता. तो होता फक्त कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, लुयेनच्या विभागात, आणि तिथंही अख्खा नव्हता, नुसती त्याची पाठ होती. काचेच्या पाठी ट्रेमधून यायच्या, दिव्याखाली धरायच्या, तिरक्या करायच्या, चरा दिसला तर बाजूला. आत जाताना फाटकावर स्वतःच्या फोनच्या कॅमेऱ्यावर लाल चिकटपट्टी लावून घ्यायची, बाहेर पडताना ती फाटलेली नाही हे रखवालदाराला दाखवायचं. अंगात पांढरा झगा, डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी. बाईचे डोळे तेवढे उघडे. डोळ्यांना चिकटपट्टी लावायची सोय अजून कुणी काढली नव्हती, आणि म्हणून दर महिन्याला क्वेतसाहेब विभागाला उभं करून बजावायचे की बायांनो, जे पाहिलं ते इथंच सोडून घरी जा. क्वेतसाहेब म्हणजे विभागाचे मुख्य, याच जिल्ह्यातले, शेतकऱ्याचा मुलगा, पण आता परदेशी साहेबांबरोबर राहून त्यांच्यासारखेच मान हलवून बोलणारे. लुयेन त्यांच्या मते विभागातली सगळ्यात भरवशाची बाई होती. ती इथं लागली तेव्हा या जागी एकच शेड होतं आणि कुंपणापलीकडे भाताची खाचरं होती.

"हा कुठला?" तिनं दुकानदारणीला विचारलं. आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिलाच नवल वाटलं.

"यंदाचा. अजून वर आला नाही, खाली आधी पोचला." दुकानदारण स्वतःच्याच विनोदावर हसली. "मेलेल्यांचं नशीब जोरावर आहे बाई. सकाळपासून एक गठ्ठा संपला. तुमच्याच कारखान्यातल्या पोरी नेतात. घ्यायचा का?"

लुयेननं फोन हातात घेतला. उजव्या कोपऱ्यात, खऱ्या फोनवर जिथं कंपनीचं नाव असतं तिथं, नखाएवढा लाल कोंबडा छापलेला होता. हा कोंबडा तिच्या पणजोबांनी लाकडात कोरलेला, आता बाबांच्या प्रत्येक वस्तूवर उठणारा. दुओंग नदीच्या बांधाला लागून असलेल्या तिच्या गावात पूर्वी घरोघरी नव्या वर्षाची चित्रं छापत, कोंबडे, डुकरं, गुबगुबीत बाळं. मग लोक चित्रं घेईनासे झाले, भिंतींवर टीव्ही आले, आणि गावानं मुकाट्यानं पितरांचं कागदी सामान करायला घेतलं. बाबा म्हणायचे, जिवंत माणसाची आवड बदलते, मेलेल्याची गरज बदलत नाही. पण तीही बदलली. आधी कागदी घोडे, मग सायकली, मग मोटारसायकली, मग टीव्ही, आता फोन. दोन वर्षांपूर्वी बाबांनी फोनबरोबर कागदाचा चार्जर द्यायला सुरुवात केली. शेजाऱ्यांनी चेष्टा केली, थुआन म्हातारा खाली वीज कंपनी काढणार म्हणून, आणि पुढच्या वर्षी सगळ्या गावानं चार्जर काढला.

घरी जाताना पुलावर वारा तोंडावर येत होता, आणि त्या वाऱ्यात तिला तो रविवार आठवत होता, नको असताना. बाबा अंगणात पुठ्ठे कापत बसलेले. तिनं भात वाढला होता, माशाच्या सॉसची वाटी मधे ठेवली होती, आणि बाबा ताटाला हात न लावता म्हणाले, विन्ह स्वप्नात आला होता. विन्ह तिचा धाकटा भाऊ. कारखान्यात नोकरीच्या रांगेत उभा राहायला पहाटे मोटारसायकलवरून निघाला आणि बांधाच्या वळणावर ट्रकखाली गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. स्वप्नात म्हणे तो पाठ करून बसला होता. बाबांनी विचारलं काय झालं, तर म्हणाला, सगळ्यांच्या पोरांना नवा फोन येतो, मला दरवर्षी जुनाच. ताई तिथंच कामाला असून. बाबा एवढंच बोलले आणि सुरी पुन्हा पुठ्ठ्यावर टेकवली. लुयेननं घास खाली ठेवला, कारण ही तक्रार विन्हचीच होती, जिवंतपणीची. पहिल्या पगारातून तिनं त्याला एक साधा फोन आणून दिला होता, बटणांचा. तो उलटापालटा करत तो म्हणाला होता, "ताई, तू बनवतेस एक आणि देतेस दुसराच." हसून म्हणाला होता. तोच फोन त्याच्या खिशात सापडला, आणि नवल म्हणजे चालू होता.

त्या रविवारी भिंगांबद्दल ती काही बोललीच नाही. निदान नंतर स्वतःला ती असंच समजावत होती की आपण तोंडानं एक अक्षर काढलं नाही. बोट खळीच्या भांड्यात बुडवलं आणि बाबांच्या समोरच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर ठिपके दिले. चार, आणि मधे एक. बाबा बघत राहिले. ती म्हणाली, "एकच करा. त्याच्यापुरता." बाबांनी मान डोलावली. जाळायचीच तर वस्तू, राखेतून कुणाला काय कळणार. तिला तेव्हा भीती वाटली नव्हती. उलट कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं होतं, याचीच आता तिला जास्त भीती वाटली.

अंगणात पाऊल टाकलं तर भिंतीला लागून गठ्ठेच गठ्ठे. ओटीवर, माळ्याच्या शिडीखाली, पाण्याच्या हौदावर फळी टाकून त्यावर. पाचपाच भिंगं सगळीकडून तिच्याकडे बघत होती.

"बाबा, एकच करा म्हटलं होतं मी."

"एकच केला होता." बाबा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले. "पण झाला इतका देखणा की ठेवून दिला दोन दिवस समोर. तेवढ्यात हनोईचा व्यापारी आला, त्यानं उचलला, म्हणाला, काका, हे फूल कुठून सुचलं? म्हटलं, सुचलं."

"एवढे?"

"अगं, मी विन्हचाच विचार केला. एकट्याकडं नवी वस्तू दिसली की लोक चोरीची म्हणतात. सगळ्यांकडं दिसली की ती फॅशन." ते स्वतःवर खूश होते. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचे हात थांबले. "काय झालं? कारखान्यात कुणी काही बोललं?"

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही."

सकाळी गावच्या खांबावरचा भोंगा रोजच्यासारखा वाजला. डासांच्या औषधाची फवारणी, बांधावर गुरं सोडू नयेत, आणि मग प्रांताच्या वाढीची बातमी. इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाची वाढ, निर्यातीची वाढ, येत्या वर्षातल्या अपेक्षित वाढीची वाढ. सांगणारी मुलगी 'वाढ' म्हणताना आवाज थोडा उंच न्यायची. लुयेनला लहानपणापासून हा भोंगा माहीत होता. तेव्हा तो भाताच्या रोपांची वाढ सांगायचा. ती वाढ खाचरात जाऊन बघता यायची, गुडघ्याला लागायची. ही वाढ कुठं लागते ते तिला नीट सांगता आलं नसतं. नवी इमारत मात्र खरी होती. कारखान्याच्या मागं जागा साफ करून ठेवली होती, आणि ती इमारत इथं उठायची की दुसऱ्या देशात, हे या महिन्यात ठरायचं होतं. पाहुण्यांचं मंडळ येणार होतं, परदेशी साहेब आणि प्रांताचे अधिकारी. क्वेतसाहेबांनी लुयेनला बोलावून सांगितलं होतं की सगळ्यात जुनी कामगार म्हणून मंचावर दोन वाक्यं तू बोलायचीस. तिनं ती आरशासमोर पाठही केली होती.

त्या दिवशी शेजारची खुर्ची रिकामी होती. झिएपची. काव बांगच्या डोंगरातून आलेली ही मुलगी तीन वर्षं लुयेनच्या उजव्या हाताला बसत होती, आणि पट्टी बांधलेली असल्यानं लुयेन तिला चेहऱ्यापेक्षा भुवयांनी जास्त ओळखायची. काही मजेशीर वाटलं की झिएपची डावी भुवई वर जायची. बायकांच्या कुजबुजीतून हळूहळू कळलं ते असं: झिएपनं आपल्या मेलेल्या आईच्या फोटोच्या फळीवर एक कागदी फोन ठेवला, त्याचा फोटो काढला, आणि तो सगळ्यांना दिसेल असा फोनवरून टाकला. खाली लिहिलं, "आई, हा यंदाचा. आता तरी फोन कर." लोकांनी हसून, रडून तो फोटो एकमेकांना पाठवला, पाठवता पाठवता तो परदेशातल्या कुणा साहेबाच्या टेबलावर गेला, आणि त्या साहेबाला विनोद कळला नाही. त्याला भिंगं मोजता आली.

विभागाच्या टोकाला काचेची खोली होती आणि खोलीबाहेर बाक. दुपारी झिएप त्या बाकावर बसलेली दिसली, पांढरा झगा नसलेली, पिवळ्या सदऱ्यात. तिला अशी उघडी पाहून लुयेनला शरमल्यासारखं झालं. किती लहान आहे ही. झिएप काचेतून विभागाकडे बघत होती, रांगेरांगेनं, आणि मग तिची नजर लुयेनवर येऊन थांबली. लुयेनच्या हातात एक पाठ होती. आता उठायचं, तिनं मनात म्हटलं. खुर्ची मागं सारायची, चालत जायचं, दार ढकलायचं, म्हणायचं, माझ्या बापानं केलाय, मी सांगितलं म्हणून. किती सोपं वाक्य आहे, मंचावरच्या दोन वाक्यांपेक्षा सोपं. पण मांड्या खुर्चीला चिकटल्यासारख्या झाल्या होत्या आणि डोक्यात भलतंच चालू होतं: बाबांच्या ओटीवरचे गठ्ठे, पोलीस आले तर हौदावरची फळी ओली होईल का, खळी वाळली असेल का. तिनं पाठ दिव्याखाली धरली आणि तिरकी केली. चरा नव्हता. पुन्हा वर बघितलं तेव्हा बाक रिकामा होता. दिवसभर तिला कुठल्याही पाठीवर एक चरा दिसला नाही, आणि संध्याकाळी दुसऱ्या पाळीच्या बाईनं तिच्या ट्रेमधून मूठभर चरेवाल्या पाठी काढून दाखवल्या. "ताई, बरं नाही का?" बाई म्हणाली. असं तिच्या बाबतीत कधीच झालं नव्हतं.

झिएपची खोली कारखान्यामागच्या वस्तीत होती. शेतं गेल्यावर गावकऱ्यांनी उरलेल्या परसात एकाला एक लागून खोल्या काढल्या होत्या, दर खोलीला एक दार, एक पंखा, बाहेर चपलांची रांग. झिएप उकिडवी बसून पिशवी भरत होती. भिंतीवरच्या फळीवर आईचा फोटो, एक पेरू, आणि तो फोन.

"ये ताई. बसायला मात्र काही नाही, चटई बांधली."

लुयेन उभीच राहिली. "काय म्हणाले?"

"म्हणाले गुपित फोडलंस. मी म्हटलं, दुकानात टांगलेलं गुपित असतं का? तर म्हणाले, तू तिथं काम करतेस, तू ओळखायला हवं होतंस." डावी भुवई वर गेली, पण त्यात मजा नव्हती. "ओळखलं तर होतंच. म्हणून तर घेतला. आईला म्हटलं, बघ, मी काय बनवते ते."

"दुसऱ्या कुठल्या कारखान्यात बघ. मी शब्द टाकीन."

"कुठल्या? सगळ्यांच्या फाटकावर नाव जातं, ताई. अख्ख्या प्रांतात. आता मका खुरपायचा." झिएपनं पिशवीचे बंद ओढले, आणि मग तिच्याकडे न बघता म्हणाली, "कोंबडा ओळखला मी."

पंखा फिरत होता. लुयेनला वाटलं पंख्याचा आवाज फार मोठा आहे.

"नव्या वर्षाला, टेटला, तूच चित्र दिलं होतंस ना मला. तोच कोंबडा. शेपटीत एक पीस तुटकं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय उपयोग? फोटो मी टाकला. मी तर गेलेच होते. दोघी गेल्यावर काय त्यातली एक परत आली असती?" तिनं बंदांची गाठ मारली. "आणि खरं सांगू? बाकावर बसले होते ना, तेव्हा वाटलं, आता ताई येईल. तू बघितलंस माझ्याकडं. मग खाली बघितलंस."

लुयेनला काही बोलायचं होतं. विन्हबद्दल, स्वप्नाबद्दल, खळीत बुडवलेल्या बोटाबद्दल. पण ते सगळं या खोलीत फार लांबचं आणि थोडं लबाडीचं वाटलं असतं. ती म्हणाली, "मी सांगते उद्या. तुझं नाव मोकळं करते."

"बघ बाई." झिएपनं फळीवरचा फोन उचलून तिच्या हातात दिला. "हा तूच ने. हिशोब मिळाला की निघते, बसमधे चेंगरेल. पौर्णिमेला तुमच्याकडे जाळ कराल त्यात माझ्या आईच्या नावानं टाक."

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी ती क्वेतसाहेबांच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. विन्हही सांगितला, ठिपकेही सांगितले. क्वेतसाहेबांनी मधे एकदाही अडवलं नाही. चहाच्या छोट्या पेल्यात बोट फिरवत राहिले. मग उठून दार लावलं.

"लुयेनताई," ते म्हणाले. कारखान्यात त्यांनी तिला ताई म्हणणं सोडून फार वर्षं झाली होती. "तुमच्या गावात माझ्या आत्याचं घर आहे. थुआनकाकांकडून मी स्वतः बापासाठी कागदी मोटारसायकल नेलीय, आरशासकट. मला काय कळत नाही?"

"मग झिएपला परत घ्या. मला काढा."

"काढून काय सांगू? काल रात्री निरोप आलाय. ते मॉडेलच रद्द केलं. पाचचं. पुन्हा तीन भिंगं करणार, जुन्यासारखी. उद्यापासून तुमच्याकडे तीनवाल्या पाठी येतील. पाचवाला फोन नव्हताच कधी. जो नव्हताच, त्याचं गुपित तुम्ही फोडलंत कसं?"

"पण झिएप तर गेली."

"ती फोटो टाकला म्हणून गेली. ते प्रकरण मिटलं, एक मुलगी होती, हळहळ आहे, मिटलं. आता मी दुसरं नाव वर पाठवलं की ते म्हणणार, हा अख्खा विभागच गळका आहे. मग ती मागची जागा तशीच राहील. तिथं किती जणींच्या बहिणी लागणार आहेत माहीत आहे ना? वाढ होतेय, ताई. वाढत्या पोराला मधेच उभं करून मापं घेत नाहीत." त्यांनी पेला खाली ठेवला. आवाजात धमकी नव्हती, विनवणीच होती, आणि म्हणूनच तिला त्यांच्यावर रागावताही येईना. "मंचावर दोन वाक्यं बोला. बाकी पौर्णिमेला जाळून टाका."

ती ट्रेसमोर जाऊन बसली. शेवटच्या पाचवाल्या पाठी होत्या, त्या तपासायच्या नव्हत्या, नुसत्या मोजून फोडायला पाठवायच्या होत्या. तिला विन्ह आठवला. तोही असाच; नोकरीच्या रांगेत पोचलाच नाही, म्हणून कारखान्याच्या लेखी तो नव्हताच कधी. आणि आता त्याच्या हातात जो फोन जाणार तोही नव्हताच कधी. तिच्या मनात एक विचित्र समाधान उठलं, की चला, निदान ही वस्तू फक्त खालीच मिळेल, विन्हच्या फोनला मागून कुणी जुना म्हणणार नाही; आणि त्या समाधानाच्या पाठोपाठ पिवळा सदरा आला, बाक आला, आणि तिला स्वतःची किळस आली.

मंडळ आलं त्या दिवशी जेवणघरातली टेबलं हलवून मंच केला होता. मागं पडद्यावर एक निळा बाण खालच्या कोपऱ्यातून वर चढत होता, चढून संपला की पुन्हा खालून निघत होता. प्रांताचे अधिकारी बोलले, परदेशी साहेब बोलले, दुभाषी मुलगी दोन्हीकडचं दोन्हीकडे पोचवत होती. पाहुण्यांच्या पुढ्यात सोललेली लिची होती. लुयेनला झग्याशिवाय, मापाच्या निळ्या गणवेशात उभं केलं होतं, आणि तिला सारखं वाटत होतं की आपण उघडे आहोत. नाव पुकारलं. माईक अपेक्षेपेक्षा जड निघाला. पहिल्या रांगेत क्वेतसाहेब तिच्याकडे बघून पापणी न लवता हसत होते. पाठ केलेली दोन वाक्यं तिच्या जिभेवर होती, अगदी टोकावर, नुसतं तोंड उघडायचा अवकाश.

"झिएपनं काही केलं नाही," लुयेन म्हणाली. "नव्या फोनची भिंगं मी घरी सांगितली. माझ्या भावासाठी सांगितली. झिएपचं नाव फाटकांवर लावलंय ते काढा."

तिचा आवाज भिंतींवर आपटून परत आला. पुढच्या रांगेतले अधिकारी ऐकत नव्हते, एक जण लिचीची बी कुठं टाकावी ते शोधत होता. मागं उभ्या असलेल्या विभागातल्या बायका ऐकत होत्या. त्यांच्या रांगेतून वाऱ्यासारखं काहीतरी गेलं. दुभाषी मुलीनं तोंड उघडलं, मिटलं, आणि क्वेतसाहेबांकडे पाहिलं. क्वेतसाहेब जमिनीकडे बघत होते. मग ती मुलगी परदेशी साहेबांकडे वळून भरभर काहीतरी बोलली. लुयेनला त्यातला एकच शब्द कळला, इतकी वर्षं कानावर पडलेला: कुटुंब. परदेशी साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी मान हलवली आणि टाळ्या वाजवल्या. ते वाजवतात म्हटल्यावर अधिकाऱ्यांनी वाजवल्या, क्वेतसाहेबांनी वाजवल्या, आणि मागच्या रांगेला हातानं खूण झाली तेव्हा बायकांनीही वाजवल्या. कुणीतरी लुयेनच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. बाण पुन्हा खालून निघाला.

बाहेर येऊन तिनं सायकलींच्या छपराखाली उभं राहून झिएपला फोन लावला. पलीकडे बसचं इंजिन घरघरत होतं.

"बोलले मी," लुयेन म्हणाली. "सगळ्यांसमोर. माईकवर."

"खरंच? मग काय म्हणाले?"

लुयेननं गुच्छाकडे पाहिलं. प्लास्टिकच्या कागदात पाण्याचे थेंब होते.

"टाळ्या वाजवल्या."

पलीकडे बसनं गिअर बदलला.

"बरं," झिएप म्हणाली. "ठेवते ताई. घाट सुरू झालाय, आवाज जाईल आता." आणि आवाज गेलाच.

पौर्णिमेला सूर्य बांधाखाली गेल्यावर गावात अंगणोअंगणी जाळ पेटले. बाबांनी व्यापाऱ्याला उरलेला माल द्यायला नकार दिला होता; का, ते तिनं त्यांना विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. बेवारशी भुतांसाठी फणसाच्या पानांवर पातळ पेज वाढून झाली, पोरांनी लाह्या पळवल्या, आणि मग बाबा एकेक गठ्ठा विन्हच्या नावानं आगीत सोडू लागले. "एवढ्यांचं काय करेल तो?" लुयेननं विचारलं. "वाटेल," बाबा म्हणाले. "नाहीतर दुकान टाकेल. रांगेत उभं राहण्यापेक्षा बरं." पाच भिंगांची फुलं जळताना एक क्षण लाल होत आणि मग आत वळत. त्या उजेडात बाबांच्या गालांवर ओलं दिसलं, पण त्यांचा हात थांबला नाही.

शेवटी तिनं झिएपनं दिलेला फोन पुढं केला.

"हा कुणाचा?"

"कारखान्यातल्या एकीच्या आईचा."

बाबांनी नेहमीसारखी कागदाची पट्टी आणि ब्रश तिच्याकडे सरकवला. प्रत्येक वस्तूला ज्याची त्याची चिठ्ठी लागते. चिठ्ठी नसली की वाटेत दुसराच कुणी ओढून नेतो. "नाव लिही. पुढं गाव. गाव विसरू नको, डोंगरातली वाट लांबची असते."

लुयेननं ब्रश शाईत बुडवला आणि तो तसाच हवेत राहिला. झिएपची आई. फोटोतली बाई, कानात चांदीचे डूल, हसायचं की नाही ते न ठरलेलं तोंड. तीन वर्षं झिएप तिच्या उजव्या हाताला बसून या बाईबद्दल बोलली होती, मका, घाट, खोकला, सगळं. आणि लुयेननं तिचं नाव कधी विचारलं नव्हतं. ब्रशच्या टोकाशी शाई जमली आणि पट्टीवर एक ठिपका पडला.

"नाव माहीत नाही," ती म्हणाली.

"मग विचार. फोन आहे ना."

तिनं फोन लावला. वाजला, वाजत राहिला, बंद झाला. पुन्हा लावला. बाबांनी आग काठीनं सारखी केली, मग आणखी एकदा केली, आणि मग जाळायला दुसरं काही उरलं नाही. "बिननावाचा टाकू नको," ते उठताना म्हणाले. "कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही."

मागच्या जागेवर आता खांब उभे राहिलेत. इमारत इथंच होणार असं भोंग्यानं सांगितलं. लुयेनच्या ट्रेमधे तीनवाल्या पाठी येतात. पाच भिंगांचा तो एकच फोन घरी विन्हच्या फोटोशेजारी फळीवर आहे, चिठ्ठीवर नुसता एक ठिपका. पाळी सुटली की ती फाटकाबाहेर येते, कॅमेऱ्यावरची लाल पट्टी काढते आणि झिएपला एकदा फोन लावते.